रुमालाखालचा भाव

संत्र्याच्या बाजारात मी आता पाय ठेवत नाही. लोक विचारतात, "गुरुजी, घरचा बगीचा असून तुम्ही बाजारात का येत नाही?" मी गुडघ्याचं निमित्त सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण असं आहे की मला त्या जागेची किळस येते, आणि त्याहून जास्त तिथं एका रविवारी उभ्या असलेल्या माझी स्वतःची. लिहायचं आहे लीलाबाई सोमकुंवरबद्दल. पण लिहिता लिहिता आमच्या घरची धुणीही चव्हाट्यावर येणार, त्याला माझा इलाज नाही.

गोष्ट ऐंशी ते सत्त्याऐंशी सालांमधली. तेव्हा पांढुर्ण्यात संत्र्याचा बाजार स्टेशनच्या मागच्या पटांगणात भरायचा. बैलगाड्यांतून माल यायचा, तणसावर ढीग लागायचे आणि भाव हजार फळांचा ठरायचा. पाच दलाल होते. पाचांच्या पाच गाद्या, पाच लाल वह्या, आणि पाचांची जीभ एकच. शेतकऱ्यानं नुसतं विचारलं की आज काय भाव चालू आहे, तर दलाल म्हणायचा, "आधी नाव लिहू द्या, मग भाव." एकदा एकाच्या वहीत नाव चढलं की त्या मोसमात बाकीचे चौघं त्या माणसाला दारात उभं करत नसत. म्हणजे भाव विचारला की बांधले गेलात. नाव न देता उभे राहिलात तर तुमचा ढीग उन्हात सुकायचा आणि दलाल दात कोरत तुमच्यासमोरून फिरायचे. रेडिओवर संध्याकाळी भाव सांगत, पण सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा. आपला माल मधे कुठं बसतो ते रेडिओला काय ठाऊक?

या पाचांत यशवंतराव मोठा. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया, तोंडात पान. गादीशेजारच्या भिंतीवर त्याच्या पिचकाऱ्यांचा कमरेइतका लाल पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्याच्या वर देवाची तसबीर. शेतकरी आधी तसबिरीला हात जोडत आणि मग वहीत नाव घालत. मला तो माणूस नेहमी ओलसर वाटायचा. हात ओलसर, ओठ ओलसर, बोलणंही ओलसर. तो पाठीवर हात ठेवायचा तेव्हा घरी येऊन सदरा धुवायला टाकावासा वाटायचा.

विक्री रुमालाखाली व्हायची. व्यापारी आणि दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर मोठा रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. पहिल्यांदा धरलेली बोटं शेकड्याची, दुसऱ्यांदा धरलेली दहाची. तीन बोटं, मग चार बोटं, म्हणजे तीनशे चाळीस. मग तोच रुमाल घेऊन दलाल शेतकऱ्याकडे यायचा, त्याचा हात धरून तीन बोटं दाबायचा आणि दुसऱ्या खेपेला काहीच दाबायचा नाही. म्हणजे तीनशे. मधले चाळीस रुमालातच जिरायचे, शिवाय दलाली वेगळी. बोटांची ही भाषा सगळ्या गावाला येत होती. अडचण काय ती रुमालाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत सावरगाववाले आणि आम्ही जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतो, म्हणून बाहेरचे लोक आम्हाला रानटी म्हणतात. म्हणोत. तो दगड निदान समोरून येतो. या रुमालाबद्दल मात्र कुणी आम्हाला कधी नावं ठेवली नाहीत.

लीलाबाई या बाजारात छाटणीला यायची. छाटणी म्हणजे ढिगाजवळ जमिनीवर बसून डागी, फुटकं, बोटानं दबणारं फळ वेगळं काढायचं. हे काम आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या बौद्ध बाया करत. ती ठेंगणी होती, कपाळ मोठं, आणि तोंडानं फटकळ. फळांबरोबर ती माणसंही छाटून काढायची. "यशवंतराव डागी माल हाय," ती हसत म्हणायची, "वरून चकचक, बोट लावलं का आत पाणी."

तिचा नवरा दादाराव रोडच्या गँगमध्ये डांबर टाकायला होता. त्याला सरकारकडून जाम नदीच्या अंगाला दोन एकर मुरमाड जमीन मिळाली होती. ऐंशी साली दोघांनी त्यात एकशेतीस संत्र्याची कलमं लावली. दादाराव कामावरून आल्यावर सायकलला दोन पिंपे अडकवून नदीवरून पाणी वाहायचा. आम्ही पोटभर हसलो. मुरमात संत्रा! आमचे कवडूकाका तर म्हणाले की झाडाआधी दादारावच वाळून जाईल. झाडं जगली. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढ्यात आपण बाजार शिकून घ्यायचा असं लीलाबाईनं ठरवलं होतं. आपला पहिला माल येईल तेव्हा त्याचा जो खरा भाव असेल तो आपल्याला मिळाला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि ती शिकली. रुमाल वरून झाकलेला असतो. उभ्या माणसाला काही दिसत नाही. पण जमिनीवर बसलेल्या बाईनं नुसती मान वर केली तर खालून सगळी बोटं उघडी दिसतात. पाच दलालांनी, त्यांच्या बापांनी आणि आज्यांनी हा रुमाल वापरला, पण खाली बसलेल्या बायांनाही डोळे आहेत हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. माणसात मोजतच नव्हते ना तिला, मग तिच्यापासून लपवणार कशाला?

ब्याऐंशी सालच्या मोसमात आमचा ढीग लागला होता. माझे वडील रामाजी गाडीजवळ तंबाखू मळत उभे होते आणि दलालानं तीनशेचा हात दिला होता. टोपली उचलायच्या निमित्तानं लीलाबाई त्यांच्या जवळून गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "रामाजीभाऊ, होय म्हनू नोका. तिकडं तीनशे चाळीस झाले."

बाबा अडून बसले. तासाभरानं तीनशे चाळीस मिळाले.

पुढं तिला बोलायचीही गरज राहिली नाही. काढून टाकलेल्या फळांतली तीन ती एका बाजूला ओळीनं मांडायची, मग वीतभर जागा सोडून चार. छाटणीवाली बाई फळं मांडते आहे, त्यात कुणाला काय दिसणार? पाहणारा येता-जाता पाहून घ्यायचा. हळूहळू दहा-बारा छोटे शेतकरी या युक्तीवर चालू लागले. कोणत्या गादीवर काय चाललं आहे ते दोन-चार दिवस नुसतं फिरून पाहायचं, नाव कुठंच द्यायचं नाही, आणि भाव चांगला दिसला की मगच ढीग लावायचा. दलाल चरफडत, पण भोक कुठं पडलं ते त्यांना सापडत नव्हतं. एकदा सावरगावचा एक अनोळखी म्हातारा तिच्याजवळ येऊन आपलं नाव-गाव सांगू लागला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या बाबाजी. भाव सांगाले नाव कायले पायजे?"

या कामाचे ती पैसे घेत नव्हती. फक्त बाबांना एकदा म्हणाली होती, "भाऊ, माहा ढीग लागन तवा काही अडचन आली, तं माह्यासाठी रुमालात हात घालजा."

"अवो, काहून नाही?" बाबा म्हणाले होते. मी तिथंच होतो.

आता आमचं पाहा. लीलाबाई आमच्या अंगणात येई तेव्हा माझी आई अंबाबाई तिला चहा द्यायची, आणि त्याचा आईला अभिमानही होता. तो चहा एका कान तुटलेल्या कपात असायचा. कप गोठ्याच्या भिंतीवर पालथा ठेवलेला असे. लीलाबाई तो स्वतः घ्यायची, स्वतः धुवायची, परत पालथा घालायची. मजुरी द्यायची झाली तर बाबा तिच्या तळहातावर वरून, वीतभर अंतर राखून टाकायचे. तिनं सांगितलेल्या भावानं आलेले पैसे तिच्या हाताला न शिवता द्यायचे! मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत मास्तर. दर गुरुवारी पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होतो, सगळे नागरिक समान. आणि घरी आल्यावर मीसुद्धा वरूनच टाकत होतो.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर लीलाबाईच्या झाडांचा पहिला बहार उतरला. नऊ हजार फळ. एका रविवारी तिनं यशवंतरावाच्या गादीसमोर ढीग लावला. मी बाबांबरोबर बाजारात आलो होतो. माल पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पातळ सालीची, एकसारखी, देठाशी हिरवट झाक असलेली संत्री. तिनं आणि दादारावनं रात्रीचा दिवस करून वाढवलेली.

"नाव?" यशवंतरावानं वही उघडली.

"भाव सांगा. पटला तं नाव," लीलाबाई म्हणाली. दोन-चार जण हसले.

दिल्लीकडचा एक व्यापारी आला. त्यानं एक फळ दाबून पाहिलं, सोललं, दोन फोडी तोंडात टाकल्या, रस हनुवटीवरून पुसला. "माल अच्छा है. किसका है?" यशवंतरावानं हनुवटीनंच लीलाबाईकडे दाखवलं. व्यापाऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला होता तो परत खांद्यावर टाकला. "औरत से कैसे होगा? किसी मर्द को भेजो."

दादाराव पुढं आला. तो हात धुऊन आला होता, तरी नखांत डांबर होतं. त्यानं हात पुढं केला. यशवंतराव व्यापाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. व्यापाऱ्यानं दादारावच्या हाताकडे पाहिलं आणि रुमालाचं टोक नीट करू लागला. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. तिचं संत्रं त्याच्या पोटात गेलं होतं, पण हाताला हात लावायचा नव्हता. पाच वर्षांत लीलाबाईनं बाजाराची प्रत्येक खोड शिकून घेतली होती. भाव ठरायला समोरच्यानं आपला हात धरावा लागतो, ही एक गोष्ट तिच्या हिशेबातून सुटली होती.

ती सरळ बाबांकडे आली. "भाऊ, तुमी म्हटलं होतं."

बाबांनी इकडं तिकडं पाहिलं. "बरं. माह्या नावावर लावतो."

बाबा पुढं गेले. लीलाबाई सवयीनं आपल्याच ढिगाजवळ खाली बसली. माझ्या चपलेचा अंगठा निघाला होता, तो बसवायला मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो. जन्मात पहिल्यांदा मी तो बाजार तिच्या जागेवरून पाहिला. वर रुमाल होता आणि त्याखाली व्यापाऱ्याचा गुबगुबीत हात यशवंतरावाच्या ओलसर हातात. तीन बोटं. सोडली. चार बोटं. मग यशवंतराव बाबांकडे वळला. तीन बोटं, पुढं काही नाही. बाबा पक्के, नकाराची मान हलवत राहिले. पुन्हा तीन. पुन्हा मान. शेवटी तीन, आणि मग चार. बाबांनी होकार दिला. लीलाबाईनं तीन फळं मांडली, वीतभर जागा सोडली आणि चार मांडली. माझ्याकडे पाहून हसली. "झालं, गुरुजी."

बाबा गादीवर जाऊन पैसे घेऊन आले. नोटा वरून तिच्या पदरात टाकत म्हणाले, "दोनशे नव्वदनं गेला."

मला वाटलं, ऐकण्यात माझीच चूक झाली.

"तीनशे चाळीस झाले, भाऊ," लीलाबाई म्हणाली.

"दोनशे नव्वद."

"मी खाली बसली होती, भाऊ."

आजूबाजूला आमचेच लोक उभे होते. कवडूकाका, शेजारचा गुणवंता, अजून आठ-दहा जण. प्रत्येकानं पाच वर्षं तिच्या मांडलेल्या फळांवर आपला माल विकला होता. त्यांना तीन आणि चार समोर पडलेली दिसत होती. कुणी विडी पेटवली, कुणी बैलाच्या मानेवरचं जू नीट केलं. बाबांचा चेहरा लाल झाला. ते मोठ्यानं म्हणाले, "माह्यावर इस्वास नाही तं माह्या पोराले इचार. शाळेत शिकवते तो, खोटं बोलन का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबाही. माझ्या पायाशी ती सात संत्री होती. मी त्यांच्याकडेच पाहत होतो, आणि मी म्हणालो, "दोनशे नव्वद."

लीलाबाई रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमी तं माह्याजवळच बसले होते." मग तिनं ती सात संत्री एकेक करून उचलली आणि टोपलीत घातली. दादारावनं सायकल वळवली आणि दोघं निघून गेले.

घरी जाताना बाबा गाडीत मला म्हणाले, "हजारी पन्नासच ठेवले. वहीत नाव माहं लागलं का नाही? नावाचं काही नाही का?" साडेचारशे रुपये झाले. वाटेत त्यांनी गरम जिलबी बांधून घेतली. घरी सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, आणि ती मला गोड लागली.

त्यानंतर लीलाबाई छाटणीला आली नाही. भाव पुन्हा तीनशेवर आले. तेव्हा आमचे लोक काय बोलले असतील? "माजली ती. दोन पैसे दिसले तं भाव सांगणं बंद." ज्यांनी त्या दिवशी विड्या पेटवल्या तेच हे बोलत होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खाली तर कुणीही बसू शकतं. कवडूकाका एक दिवस छाटणीवाल्या बायांमध्ये जाऊन बसले. दोन मिनिटांत यशवंतरावानं विचारलं, "काय पाहून राहिले, पाटील? उठा, चहा घ्या." काकांना उठावं लागलं. ते माणसात मोजले जात होते ना, म्हणून ते लगेच दिसले. दलालाला त्या दिवशी खालचं भोकही कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं रुमालाऐवजी घोंगडीच आणली, ती जमिनीपर्यंत लोंबायची. लोकांनी त्याचाही राग लीलाबाईवर काढला.

पुढच्या वर्षी बहाराच्या दिवसांत एका शनिवारी मी माझी बायको उषा हिच्याबरोबर जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो. बस स्टँडवरून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दीत एक आवाज आला. "घरचा माल! चार रुपयाले दहा, चाळीसले शंभर! सगळ्याइले एकच भाव!"

लीलाबाई होती. पोत्यावर ढीग मांडलेला, बाजूला दादाराव पिशव्यांत फळं मोजून टाकत होता. नागपूरचे, छिंदवाड्याचे, कुठले कुठले लोक थांबून घेत होते. कुणी तिचं नाव विचारत नव्हतं आणि ती कुणाचं विचारत नव्हती. रुमाल तर कुठंच नव्हता. मी मनात हिशेब केला. हजाराला चारशे. यशवंतरावाच्या गादीवर त्या आठवड्यात तीनशे दहा चालू होते.

उषाला यातलं काही माहीत नव्हतं. ती वाकून फळं निवडू लागली. मी तिच्यामागे उभा राहिलो. लीलाबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, इतर गिऱ्हाइकांकडे पाहावं तसंच.

"लीलाबाई, ओळखलं नाही का?" मी म्हणालो. मला वाटतं, तिनं शिवी द्यावी अशी माझी इच्छा होती.

"चारले दहा," ती म्हणाली. "भाव सांगाले नाव कायले पायजे?"

उषानं वीस फळं पिशवीत टाकली. मी खिशातून आठ रुपये काढले. लीलाबाईनं तळहात पुढं केला, आणि माझा हात सवयीनं त्याच्यावर वीतभर येऊन थांबला. मी तो थांबवला नव्हता. तो आपोआप थांबला होता. तिनं ते पाहिलं. तिनं आपला हात मागं घेतला आणि ढिगाजवळच्या पोत्याकडे बोट केलं.

"खाली ठेवा, गुरुजी," ती म्हणाली.

ठेवायला मला वाकावं लागलं.